कवळीची कुळकथा

रात्री निजायच्या आधी आजोबा तोंडातले दात काढतात, पाण्याच्या वाटीत ठेवतात आणि क्षणात त्यांचे गाल आत जातात. हे दृश्य ज्यांनी लहानपणी पाहिलं आहे, त्यांना ते सहसा विसरता येत नाही. मुलांना ती जादूच वाटते. आपलेही दात असे निघतील का, म्हणून ती आपले दात ओढून पाहतात. सकाळी आजोबा वाटीतले दात पुन्हा बसवतात, चेहरा भरतो, 'स' आणि 'श' ठिकाणावर येतात आणि घरात त्यांचा दरारा पुन्हा सुरू होतो.

कवळी आपल्या इतकी ओळखीची आहे, की तिलाही काही इतिहास असेल असं आपल्या मनात येत नाही. ती नव्हती तेव्हा लोक काय करत? आपल्याकडे त्याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं. तोंड बदलता येत नव्हतं, म्हणून घास बदलला. भाकरी दुधात कुस्करायची, भात मऊ शिजवायचा, विडा छोट्या खलबत्त्यात कुटून द्यायचा. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अशाच एखाद्या घरात जन्मली असणार. जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र काही माणसांनी तोंडच बदलायचा खटाटोप केला. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. ती ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा: हे दात आले कुणाकडून, आणि बसले कुणाच्या तोंडात?

खोट्या दातांचा सगळ्यात जुना पुरावा इटलीत सापडतो. रोमन लोकांच्या आधी तिथे एट्रुस्कन लोक नांदत होते. इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून त्यांच्यात एक पद्धत होती. सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या शाबूत दातांभोवती वळवायची आणि मधल्या फटीत माणसाचा किंवा जनावराचा दात अडकवून टाकायचा. हे दात बहुतेक पुढचे, म्हणजे हसताना दिसणारे. चावायला लागणारी दाढ बसवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. सोनंही मऊ, ते चावण्याचा भार कसा सोसणार? म्हणजे हत्तीसारखे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, अशीच तऱ्हा होती. शिवाय हे काम श्रीमंत घरातच परवडणारं.

खायचे दात पहिल्यांदा भेटतात ते जपानमध्ये. तिथल्या वाकायामा भागात एका बौद्ध मंदिराशी संबंधित असलेली नाकाओका तेई नावाची भिक्षुणी १५३८ साली वारली. तिची लाकडी कवळी आजही जपलेली आहे. संपूर्ण कवळीचा इतका जुना नमुना दुसरा माहीत नाही. बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिरांच्या हातांना बारीक कोरीव कामाची सवय होती, आणि त्याच परंपरेतून ही कला आली असं मानतात. मेणात हिरडीचा ठसा घ्यायचा, त्यावरून कठीण लाकूड कोरायचं, तोंडात बसवून पाहायचं, जिथे टोचेल तिथे पुन्हा तासायचं. पुढच्या काळात दाढांच्या जागी धातूचे बारीक खिळे ठोकू लागले, म्हणजे घास नीट चिरडला जाई.

या लाकडी कवळीत एक फार महत्त्वाची गोष्ट होती. ती स्प्रिंगशिवाय, तारेशिवाय टाळूला चिकटून राहत असे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर सुट्या करताना किती जोर लागतो ते आठवा. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो. कवळी अगदी मापात बसली असेल तर हा थर आणि बाहेरच्या हवेचा दाब तिला धरून ठेवतात. आजची वरची कवळीही याच तत्त्वावर टिकते. खालच्या जबड्याला टाळूसारखी पसरट जागा नाही, तिथे घोड्याच्या नालेइतकीच अरुंद पट्टी असते, आणि मध्ये जीभ सारखी वळवळत असते. म्हणून वरची कवळी चांगली बसलेले लोकही खालच्या कवळीच्या नावानं बोटं मोडतात.

युरोपला हे मर्म उशिरा कळलं. तिथे अठराव्या शतकात साखर मुबलक झाली आणि श्रीमंतांचे दात झपाट्यानं किडू लागले. १७२८ साली पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं दातांच्या शस्त्रक्रियेवर मोठा ग्रंथ लिहिला. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. वरची कवळी खाली पडू नये म्हणून त्यानं पोलादी स्प्रिंग सुचवल्या. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगनं जोडायची, मग स्प्रिंग वरचीला वर आणि खालचीला खाली रेटत राहते. परिणाम असा, की तोंड मिटायचं तर माणसाला जबडा जोर लावून आवळून धरावा लागे.

या यातनांचा सगळ्यात प्रसिद्ध धनी म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. १७८९ साली त्यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. त्यांच्या दंतवैद्यानं, जॉन ग्रीनवुडनं, ती पाणघोड्याच्या दातातून कोरली, त्यात माणसांचे दात बसवले आणि त्या एकुलत्या एका दातासाठी भोक ठेवलं. पुढे वॉशिंग्टन तक्रार करत, की कवळीमुळे ओठ पुढे येतात. १७९८ साली ग्रीनवुडनं त्यांना कळवलं, की कवळी फार काळी पडली आहे, आणि त्याचा संशय पोर्ट वाइनवर होता. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचा त्यांचा चेहरा पाहा. गिल्बर्ट स्टुअर्टनं १७९६ साली रंगवलेल्या चित्रावरून तो घेतला आहे. ते आवळलेले ओठ पाहिले की स्प्रिंगची आठवण होते.

पण वॉशिंग्टनच्या घरच्या हिशेबाच्या वहीत याहून बोलकी एक नोंद आहे. मे १७८४ मध्ये नऊ दातांबद्दल काळ्या लोकांना ६ पौंड २ शिलिंग दिल्याची ती नोंद आहे. ही माणसं त्यांच्या मळ्यावरची गुलाम असावीत असं इतिहासकार मानतात. तेच दात वॉशिंग्टनच्या तोंडात बसले का, याची नोंद नाही. पण ज्याला नाही म्हणण्याचा हक्क नाही, त्याच्या तोंडातून दात विकत घेतले गेले एवढं त्या एका ओळीतून स्पष्ट दिसतं.

हा काही एकट्या अमेरिकेचा प्रकार नव्हता. त्याच सुमारास लंडनमध्ये जिवंत माणसाचा दात उपटून लगेच दुसऱ्याच्या हिरडीत रोवण्याचा प्रयोग चालू होता. जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदानं या पद्धतीचा पुरस्कार केला होता. त्यानं माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवूनही पाहिला. १७८७ साली टॉमस रोलँडसन या व्यंगचित्रकारानं याच विषयावर एक चित्र काढलं. धुराडी साफ करणारा काजळलेला पोरगा खुर्चीत बसला आहे, त्याचा दात उपटला जातो आहे, शेजारी नटलेली बाई वाट पाहत बसली आहे. दारातून दोन गरीब मुलं गाल धरून बाहेर पडताहेत आणि त्यांतली मुलगी हातातलं नाणं निरखते आहे. असे रोवलेले दात फार काळ टिकत नसत. उलट त्यांच्याबरोबर उपदंशासारखे रोग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेल्याची उदाहरणं पुढे आली आणि ही पद्धत मागे पडली. दात विकण्याची वेळ मात्र गरिबांवर येतच राहिली. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीतली फांतीन मुलीसाठी पुढचे दोन दात विकते, ते वाचकांना अतिशयोक्त वाटलं नाही ते यामुळेच.

जिवंत माणसाचा दात महाग पडे, मेलेल्याचा स्वस्त. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियनचा पराभव झाला. हजारो तरुण शिपाई तिथे मरून पडले होते, आणि तरुणांचे दात धडधाकट असतात. चिमटे घेऊन माणसं त्या मैदानावर फिरली. गोळा केलेले दात उकळले जात, मुळं कापली जात, मग ते हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दाताच्या कवळीत बसवले जात. अशा दातांना पुढे 'वॉटर्लूचे दात' असंच नाव पडलं. रणांगणाव्यतिरिक्त थडगी उकरणारे चोरही दातांचा पुरवठा करत. हा व्यापार वॉटर्लूनंतरही थांबला नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धात पडलेल्यांचे दातही इंग्लंडच्या बाजारात आले.

या ओंगळ धंद्याला पर्याय मिळाला तो दुर्गंधीमुळे. पॅरिसजवळ द्यूशातो नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याची कवळी हस्तिदंताची. हस्तिदंत लाळ शोषतो, कुजतो, आणि औषधांचे वासही धरून ठेवतो. आपल्या दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र कसलाच वास धरत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. मग दातच चिनी मातीचे का करू नयेत? १७७४ च्या सुमारास त्यानं ते करून पाहिलं. अडचण अशी, की भट्टीत भाजताना माती आकसते आणि माप चुकतं. दुबोआ द शेमाँ या दंतवैद्यानं ही युक्ती सुधारली आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती लंडनला नेली. तिथे वेजवुडच्या प्रसिद्ध कारखान्यातून त्याला माती मिळू लागली. १८०८ साली फाँझी या इटालियन दंतवैद्यानं एकेक सुटा दात भाजून त्यात प्लॅटिनमची आकडी बसवली. पुढे लंडनमध्ये क्लॉडियस ॲश या मूळच्या सोनार-चांदीकामाच्या कारागिरानं चिनी मातीच्या दातांचा कारखानाच काढला. कवळीसाठी दुसऱ्या माणसाचं तोंड रिकामं करण्याची गरज हळूहळू संपली.

दात स्वस्त झाले तरी ते बसवायचा पाया महाग होता. चांगली कवळी म्हणजे सोन्याचा पत्रा. शिवाय कवळी बसवण्याआधी तोंडातली किडकी मुळं काढावी लागत, आणि तीही पूर्ण शुद्धीत. बॉस्टनचा दंतवैद्य विल्यम मॉर्टन कवळ्यांचाच व्यवसाय करत असे. मुळं काढायच्या भीतीनं गिऱ्हाईक पळून जातं, म्हणून तो वेदना थांबवणाऱ्या औषधाच्या शोधात होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यानं तिथल्या रुग्णालयात एका रुग्णाला ईथर हुंगवलं आणि शस्त्रक्रिया वेदनेशिवाय पार पडली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आज आपण जे शांत झोपतो, त्या सोयीच्या मुळाशी अशी एका कवळीवाल्याची निकड आहे.

महाग पायाचा प्रश्न रबरानं सोडवला. चार्ल्स गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली होती. गंधक जास्त घातलं की रबर लाकडासारखं टणक होतं. त्याला व्हल्कनाइट म्हणत. मऊ असताना ते प्लास्टरच्या साच्यात दाबायचं, दात त्यात रोवायचे आणि वाफेच्या भांड्यात तापवायचं. हिरडीचा प्रत्येक उंचसखल भाग कवळीत उतरे, स्प्रिंगची गरजच उरत नसे, आणि किंमत सोन्याच्या कवळीच्या तुलनेत फारच कमी. कारकून, कामगार, शिवणकाम करणाऱ्या बायका यांना पहिल्यांदाच दात परवडू लागले.

पण इथेही एक दरवान उभा राहिला. व्हल्कनाइटच्या कवळीचं अमेरिकन पेटंट १८६४ साली दिलं गेलं. ते हाती आलेल्या गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनं प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे आणि शिवाय कवळीमागे पैसे मागायला सुरुवात केली. जे देत नसत त्यांच्यावर खटले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगावी हिंडून दंतवैद्यांना कोर्टात खेचत असे. सॅम्युएल शॅल्फंट नावाच्या दंतवैद्याचा त्यानं डेलावेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पिच्छा पुरवला. १३ एप्रिल १८७९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, शॅल्फंट पिस्तूल घेऊन बेकनच्या हॉटेलातल्या खोलीत गेला आणि बेकन गोळी लागून मेला. शॅल्फंटला दहा वर्षांची शिक्षा झाली. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, पेटंटची मुदत संपली आणि रबरी कवळी सगळ्यांना मोकळी झाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं. हिरडीसारखा गुलाबी रंग, हलकं वजन, करायला सोपं. रबर मागे पडलं आणि आपल्या आजोबांची वाटीतली कवळी जन्माला आली.

किंमत उतरली तरी ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याचं काय? हा प्रश्न ब्रिटनमध्ये थेट सरकारपुढे आला. तिथल्या कामगार वस्त्यांत अशी रीत होती, की लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवायची, म्हणजे पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको! ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळी फुकट मिळू लागली. दंतवैद्यांच्या दारात रांगा लागल्या. वर्षानुवर्षं हिरड्यांनी चावणारी माणसं त्या रांगांत होती. खर्चाचा अंदाज पार कोसळला. १९५१ च्या अर्थसंकल्पात, कोरियाच्या युद्धामुळे संरक्षण खर्च वाढला तेव्हा, अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्मा यांची निम्मी किंमत रुग्णाकडून घ्यायचं ठरवलं. त्यातून त्या वर्षी मिळणार होते १ कोटी ३० लाख पौंड. आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन तेव्हा श्रममंत्री होते. त्यांनी या मुद्द्यावर राजीनामा दिला. हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. मजूर पक्षात फूट पडली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पक्ष निवडणूक हरला. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातल्या दातांचे पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नानं एक सरकार हादरलं, याचं आपल्याला हसू येऊ नये.

पण फुकट कवळीनं मूळ दुखणं बरं झालं नव्हतं. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९ च्या पाहणीत इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं होतं. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, वेळेवर उपचार आणि दात उपटण्याऐवजी वाचवण्याची सवय यांचं हे यश.

आता आजचे पर्याय. सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी. काही गेले असतील तर काढता-घालता येणारी अर्धी कवळी, ॲक्रिलिकची किंवा धातूच्या पातळ सांगाड्याची. शेजारचे दात भक्कम असतील तर त्यांच्या आधारानं बसवलेला ब्रिज. आणि इम्प्लांट. १९५२ च्या सुमारास स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढू गेले तर निघेना, हाडानं तिला आपलंसं केलं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते दात काम करत होते. खालच्या कवळीच्या जुन्या दुखण्यावरही यातून उतारा मिळाला. जबड्यात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवायची. खालच्या जबड्यात एकही दात नसणाऱ्यांना आधी हाच पर्याय सुचवावा, असा निष्कर्ष २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी काढला.

कुठलाही पर्याय निवडला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दात गेला की त्याखालचं हाड झिजत जातं. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज सैल होते. तो कवळीचा दोष नसतो, ती पुन्हा मापात आणून घ्यावी लागते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळतं पाणी नको, ॲक्रिलिक वाकडं होतं.

आपल्याकडे या कामाचं शिक्षण उशिरा आलं. मुंबई-कोलकात्यात चिनी दंतवैद्यांचे दवाखाने होते, बापाचा हात मुलाच्या हातात उतरे. रस्त्याच्या कडेला चटईवर कवळ्या मांडून बसणारेही होते. ते स्वस्तात दात चिकटवून देत, पण कित्येकदा शेजारचे चांगले दातही त्यापायी जात. ब्रिटननं फुकट कवळी दिली त्याच १९४८ साली भारतात दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. गरीब म्हाताऱ्यांच्या दातांची दखल सरकारी कागदावर यायला मात्र २०१७ साल उजाडलं. त्या वर्षी केंद्रानं राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना द्यायच्या साधनांच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कृत्रिम दातांचाही उल्लेख आहे.

आपल्या घरांतून मात्र अजूनही ऐकू येतं, "आता या वयात दात कशाला? किती दिवस राहिलेत?" हे वाक्य बहुधा म्हातारी माणसंच बोलतात, खर्चाच्या संकोचानं. मग हळूहळू पंगतीत बसायचं टाळतात, चारचौघांत तोंडावर हात ठेवून बोलतात, डाळ-भातावर दिवस काढतात आणि अंगातली ताकद जाते. घरातलं कुणी असं म्हणालं तर त्यांचं ऐकू नका. दंतवैद्याकडे घेऊन जा. एके काळी एकाच्या तोंडातला घास दुसऱ्याच्या तोंडातले दात काढून सोपा करावा लागत असे. आता कुणाचंही काही हिरावून न घेता आजीला पुन्हा भाकरीचा कडक पापुद्रा चावता येतो. तो तिला चावू द्यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)